नेत्र तंत्रज्ञ व्हायचे आहे; प्रशिक्षण कोठे घ्यावे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यात राहते. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले, ५८ टक्के गुण मिळाले. ‘नीट’ दोनदा दिली, परंतु प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती आहे. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिच्यासोबत नेत्र रुग्णालयात होते. तेथे डोळे तपासणाऱ्या, मोजमाप घेणाऱ्या ताईंचे काम मी पाहिले आणि हेच काम करावे असे मनाने घेतले. आता माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑप्थॅल्मिक टेक्निशियनचा कोर्स आहे. त्याची फी ५५,००० रुपये असून शंभर टक्के नोकरीची हमी देतात. एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण आहे. तेथे विद्यावेतन मिळते, पण नंतर तीन वर्षांचा बाँड आहे. मामा म्हणतात की ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवीच घे. माझे भौतिकशास्त्र कच्चे आहे आणि मला स्वतःला उणे साडेचारचा चष्मा आहे. या कामाला मी चालेन का? खासगी संस्थेने जागा राखून ठेवण्यासाठी येत्या सोमवारपर्यंत मूळ गुणपत्रिका जमा करण्यास सांगितले आहे. कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

उत्तर

तुम्हाला सोमवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. सहा महिन्यांच्या कोर्सला प्रवेश घेऊ नका. धर्मादाय रुग्णालयाच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची पुढे सांगितल्याप्रमाणे नीट चौकशी करा आणि उत्तरे समाधानकारक मिळाली तर तेच स्वीकारा. ऑप्टोमेट्रीची पदवी हा मामांनी सुचवलेला मार्ग चांगलाच आहे. मात्र त्याचा खर्च आज घराला झेपणार नसेल तर कर्ज काढून तो धरण्याची घाई करू नये, कारण तो मार्ग पुढेही पूर्णपणे बंद होत नाही.

हे मत कशावरून बनले ते समजण्यासाठी या कामाचे स्वरूप थोडे खोलात पाहावे लागेल. नेत्र रुग्णालयात रोगाचे निदान करणारे, औषध लिहून देणारे आणि शस्त्रक्रिया करणारे नेत्ररोगतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ऑप्टोमेट्रिस्ट हे चष्म्याचा नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स आणि दृष्टीच्या सविस्तर तपासणीचे पदवीधर असतात. चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवून देणारे ऑप्टिशियन असतात. नेत्र तंत्रज्ञ किंवा नेत्र सहाय्यक या सर्वांच्या मधोमध उभे असतात. रुग्णाची दृष्टी तक्त्यावर तपासणे, नेत्रदाब मोजणे, बाहुली मोठी करण्याचे थेंब घालणे, अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही हे सिरिंजिंग करून पाहणे, शस्त्रक्रियेपूर्वी लेन्सची पॉवर काढण्यासाठी डोळ्याची मापे घेणे, ऑपरेशन थिएटरमध्ये उपकरणे निर्जंतुक करून मांडणे व डॉक्टरांच्या हाती देणे, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला थेंबांचे वेळापत्रक समजावून देणे, अशी कितीतरी कामे त्यांच्याकडे असतात. डॉक्टर रुग्णासोबत जितका वेळ असतात, त्याहून बराच अधिक वेळ तंत्रज्ञ असतात.

आपल्या देशात या मनुष्यबळाची गरज फार पूर्वी ओळखली गेली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्यातून सरकारी रुग्णालयांत नेत्र सहाय्यकांची पदे उभी राहिली. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांत आज ज्यांना नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणतात, ती पदे त्याच परंपरेतली. त्याच १९७६ साली मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. आज तेथे प्रचंड संख्येने होणाऱ्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा कणा म्हणजे बारावी झालेल्या, बहुतांश खेड्यांतून आलेल्या मुली आहेत. रुग्णालय त्यांना विद्यावेतन देऊन दोन वर्षे शिकवते आणि शस्त्रक्रिया व निदान वगळता जवळजवळ सगळी कामे त्या करतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने प्रशिक्षित व्हिजन टेक्निशियन नेमून खेडोपाडी दृष्टी केंद्रे चालवली आहेत. तुमच्यासारख्या पार्श्वभूमीच्या मुली हे काम उत्तम करतात हे यांतून दिसून आलेले आहे. आपल्याला ५८ टक्केच मिळाले, ‘नीट’ झाली नाही, या कमीपणाच्या भावनेने या क्षेत्राकडे पाहू नका. डॉक्टर होता आले नाही म्हणून निवडायचा हा दुय्यम पर्याय नव्हे.

आता मुख्य गोष्ट. तंत्रज्ञाच्या हातून जे निघते ते माप असते आणि त्या मापावर विसंबून डॉक्टर पुढचे पाऊल टाकतात. तुमच्या आजींचेच उदाहरण घेऊ. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कोणत्या पॉवरची लेन्स बसवायची, हे प्रामुख्याने दोन मापांवरून ठरते: बुबुळाच्या पारदर्शक पटलाची वक्रता, म्हणजेच के-रीडिंग, आणि ए-स्कॅन या ध्वनिलहरींच्या यंत्रावर मोजलेली डोळ्याची लांबी. ही लांबी सर्वसाधारणपणे २३ ते २४ मिलिमीटर असते. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर शस्त्रक्रियेनंतरच्या नंबरात सुमारे अडीच डायॉप्टरचा (भिंगाच्या नंबराचे एकक) फरक पडतो. स्पर्श करून मोजणाऱ्या यंत्राचा प्रोब, म्हणजे डोळ्याला टेकवायचे टोक, नवशिक्या हाताने किंचित जास्त दाबला तर डोळा दबतो, लांबी प्रत्यक्षाहून कमी भरते, त्यामुळे जास्त पॉवरची लेन्स निवडली जाते आणि उत्तम शस्त्रक्रिया होऊनही रुग्णाला दूरचे अंधूक दिसते. यंत्र आकडा दाखवते, परंतु तो आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे आलेखातील उंचवट्यांचे स्वरूप पाहून आणि पुनःपुन्हा घेतलेल्या मापांची एकमेकांशी तुलना करून तंत्रज्ञालाच ठरवावे लागते. दोन्ही डोळ्यांच्या लांबीत लक्षणीय तफावत आली तर पुन्हा मोजायचे, ही सवय अंगी बाणावी लागते.

क्रमालाही असेच महत्त्व आहे. के-रीडिंग नेहमी ए-स्कॅनच्या आणि स्पर्श करून नेत्रदाब मोजण्याच्या आधी घ्यायचे, कारण बुबुळाला स्पर्श झाला की त्याचा पृष्ठभाग काही काळ पूर्वीसारखा गुळगुळीत राहत नाही. दृष्टी तपासायची ती बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्यापूर्वी, आणि एकेक डोळा नीट झाकून. रुग्ण बोटांच्या फटीतून पाहतात, पहिल्या डोळ्याच्या वेळी तक्ता पाठ करून दुसऱ्या डोळ्याने तोच म्हणून दाखवतात; यात फसवण्याचा हेतू नसतो, परीक्षेत नापास होऊ नये अशी त्यांची साधी इच्छा असते. थेंब घालण्यापूर्वीही टॉर्चचा प्रकाश बाजूने टाकून डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ तर नाही ना हे पाहावे लागते, कारण तसा डोळा असेल तर बाहुली मोठी केल्याने नेत्रदाब एकाएकी वाढू शकतो. तशी शंका आली की थेंब न घालता डॉक्टरांना विचारायचे. चष्म्याच्या कागदावर ॲक्सिस, म्हणजे दंडगोल भिंगाचा अक्ष, ९० ऐवजी १८० लिहिला गेला, तर तयार होणारा चष्मा रुग्णाच्या डोळ्यांवर टिकत नाही, आणि बिचारा रुग्ण नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो असे समजून महिनोन् महिने डोकेदुखी सोसत राहतो.

सहा महिन्यांच्या कोर्सला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. या गोष्टी वहीत लिहून घेतल्याने येत नाहीत. रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढताना, बाहुलीतील लाल प्रकाशाची हालचाल भिंगे बदलत स्थिर होताना ओळखणे, हे शेकडो डोळे पाहिल्यानंतर जमू लागते. ते शेकडो डोळे तुम्हाला पाहायला मिळणार की नाही आणि तुम्ही घेतलेले माप पुन्हा घेऊन ‘येथे चुकले’ असे सांगणारे वरिष्ठ माणूस शेजारी असणार की नाही, यावरच प्रशिक्षणाची किंमत ठरते. ज्या संस्थेला स्वतःचे किंवा करारबद्ध नेत्र रुग्णालय नाही, ती हे देऊ शकत नाही. तिने भिंतीवर यंत्रांची कितीही चित्रे लावली तरी त्यात फरक पडत नाही.

विरोधाचे दुसरे कारण कायद्याचे आहे. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्ट, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आणि व्हिजन टेक्निशियन यांचा समावेश आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणून गणले जाण्यासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे पदविका किंवा पदवी शिक्षण या कायद्याच्या व्याख्येत अपेक्षित आहे. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र त्यात बसत नाही. एखादे छोटे क्लिनिक अशा प्रमाणपत्रावर तुम्हाला नोकरी देईलही. परंतु पुढे नोंदणीचा प्रश्न येईल, सरकारी जाहिरात निघेल किंवा पदवीला प्रवेश घ्यावासा वाटेल, तेव्हा ते कागद उपयोगी पडणार नाहीत. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ या शब्दांना करारपत्रात स्थान नसेल तर त्यांचा काहीही अर्थ नाही.

धर्मादाय रुग्णालयात मात्र वडिलांना सोबत घेऊन प्रत्यक्ष जा. चौकशी फोनवर उरकू नका. प्रशिक्षण कोणत्या विद्यापीठाशी, मंडळाशी किंवा परिषदेशी संलग्न आहे, प्रमाणपत्रावर कोणाची सही व शिक्का असेल आणि त्या आधारे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते का, हे विचारा. मान्यतेचे पत्र दाखवण्याची विनंती नम्रपणे करा. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. केवळ रुग्णालयाचे अंतर्गत प्रमाणपत्र मिळणार असेल तर ते तेथेच नोकरी करण्यापुरते ठीक असते, बाहेर त्याचे मोल कमी होते. अशा वेळी निर्णयाचा फेरविचार करा आणि मान्यताप्राप्त पदविका कोठे मिळते याचा शोध घ्या. त्यानंतर ओपीडी किती वाजता सुरू होते, प्रशिक्षणार्थी किती दिवसांनी रुग्णाला हात लावतात, दुसऱ्या वर्षी थिएटर, बायोमेट्री (डोळ्याची मापे), फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची तपासणी) आणि ओसीटी (रेटिनाच्या थरांचे स्कॅन) या सर्व विभागांत आळीपाळीने पाठवतात का, की एकदा नोंदणी खिडकीवर बसवले की वर्षभर तेथेच ठेवतात, हे पाहा. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवते. विद्यावेतनावरची मुलगी म्हणजे स्वस्तातले मनुष्यबळ, असे मानणारी ठिकाणेही आहेत आणि तेथे दोन वर्षे घालवूनही मुलींना के-रीडिंग घेता येत नाही. याचे खरे उत्तर व्यवस्थापकांकडून मिळणार नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीशी जेवणाच्या सुटीत दहा मिनिटे बोलाल तर लगेच कळेल.

तीन वर्षांच्या बाँडला घाबरू नका, पण तो पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नका. रुग्णालयाने दोन वर्षे तुमच्यावर खर्च केला तर काही काळ सेवेची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे नाही, आणि शिकल्यानंतरची पहिली काही वर्षे एकाच जागी, भरपूर रुग्णांमध्ये जाणे हे तुमच्या हाताच्या दृष्टीनेही हिताचे आहे. बाँडच्या काळात पगार किती, तो दरवर्षी वाढतो का, वसतिगृह व जेवणाचे पैसे कापून घेतात का, दूरच्या केंद्रावर बदली होऊ शकते का, आणि आजारपणामुळे किंवा विवाहामुळे मध्येच सोडावे लागले तर किती रक्कम भरावी लागेल, हे सर्व लेखी असावे. सुरुवातीचा पगार या क्षेत्रात बेताचाच असतो; ही गोष्ट वडिलांना आधीच सांगून ठेवा. बायोमेट्री, रेटिनाचे फोटो, थिएटर यांपैकी एखाद्या कामात हात बसला की पगार वाढत जातो.

मामांच्या सल्ल्याकडेही वळू. ऑप्टोमेट्रीची पदवी इंटर्नशिपसह साधारणपणे चार वर्षांची असते. ती घेतल्यावर स्वतंत्रपणे नंबर तपासण्याचे काम, कॉन्टॅक्ट लेन्स व मंददृष्टी रुग्णांचे पुनर्वसन, पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापन असे मार्ग मोकळे होतात, जे तंत्रज्ञाला सहसा मिळत नाहीत. म्हणून शुल्क माफी, शिष्यवृत्ती किंवा घरची मदत यांतून खर्चाची सोय होत असेल तर मीही मामांच्याच बाजूची आहे. पुण्यात आणि मुंबईत हे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. प्रवेशापूर्वी त्यांची संलग्नता विद्यापीठाच्या अधिकृत यादीत स्वतः पडताळून पाहा. खर्चाची सोय होत नसेल तर पदविकेनंतर काही विद्यापीठे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश देतात. म्हणूनच पदविका मान्यताप्राप्त असण्याचा आग्रह मी इतका धरते आहे.

सरकारी नोकरीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण घरात तो विषय निघेलच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या पदांच्या जाहिराती नियमित निघत नाहीत आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी असतात. जाहिरात निघाली की तिच्यातील शैक्षणिक अर्हता शब्दशः वाचावी. ‘समकक्ष’ हा शब्द आपल्या बाजूने गृहीत धरू नये. केवळ त्या आशेवर हे क्षेत्र निवडू नका.

भौतिकशास्त्राचे तुम्ही प्रांजळपणे लिहिले ते बरे झाले. येथे लागते ते प्रामुख्याने प्रकाशशास्त्र: बहिर्गोल व अंतर्गोल भिंगे, नाभीय अंतर, डायॉप्टर, दंडगोल भिंगाचा अक्ष. विद्युतचुंबकत्वाची मोठमोठी समीकरणे येथे आडवी येत नाहीत. अकरावी-बारावीचा प्रकाशाचा भाग प्रवेशाआधीच्या महिन्यात पुन्हा वाचा आणि स्वतःच्या चष्म्यावरच प्रयोग करा. तो डोळ्यांपासून थोडा दूर धरून बाजूला हलवला की त्यातून दिसणारी वस्तू कोणत्या दिशेने सरकते हे पाहा. उणे भिंगातून वस्तू भिंगाच्याच दिशेने सरकलेली दिसते, अधिक भिंगातून उलट दिशेने. भिंगाचा नंबर ढोबळमानाने ओळखण्याची ही पद्धत प्रशिक्षणात पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतात.

चष्म्यामुळे तुम्ही अपात्र ठरत नाही. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते का आणि दोन्ही डोळे एकत्र काम करून खोलीचा अंदाज नीट येतो का, हे महत्त्वाचे आहे, कारण स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) व थिएटरमध्ये त्याची गरज पडते. तुमचा नंबर मोठा असल्यामुळे प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी बाहुली मोठी करून रेटिनाची तपासणी एकदा करून घ्या. हे कामासाठी नव्हे, तुमच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी सांगते.

या कामाची एक मर्यादा आजच मनाशी पक्की करा, कारण प्रशिक्षणाहून गावी परतल्यावर तिची कसोटी लागेल. शेजारीपाजारी डोळा लाल झाला म्हणून तुमच्याकडे येतील आणि थेंबांचे नाव विचारतील. औषध सांगू नका. औषध दुकानातून सहज आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाल डोळ्याला दोन दिवसांत बरे वाटायला लावतात आणि महिनोन् महिने वापरले तर काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही घडवू शकतात. जंतुसंसर्गाने बुबुळावर जखम झालेली असेल तर ती चिघळवतात. तुम्ही दृष्टी तपासू शकता, रुग्णाला वेळेवर योग्य ठिकाणी पाठवू शकता आणि भीती घालवू शकता. ही तिसरी गोष्ट लहान समजू नका. मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच काढायचा असतो, हा जुना समज आपल्या भागात अजूनही टिकून आहे, आणि त्यापायी कित्येक वृद्ध माणसे डोळा दुखून नेत्रदाब वाढेपर्यंत घरी बसून राहतात. डॉक्टरांच्या बोलण्याला मान डोलावणारी आजी आपल्या बोलीत बोलणाऱ्या मुलीला मात्र खरी अडचण सांगते, की सुनेला रजा मिळत नाही, किंवा दुसऱ्या गावची कोणी शस्त्रक्रियेनंतर आंधळी झाल्याचे तिने ऐकले आहे. ते ऐकून घेऊन डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हा तुमच्या कामाचाच भाग असेल.

पुढे कधी वेगळी वाट हवी वाटली तर नेत्रपेढीचाही विचार करा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान स्वीकारावे लागते, आणि मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने पात्रता असलेल्या प्रशिक्षित तंत्रज्ञांनाही बुबुळाचे पारदर्शक पटल काढण्याची परवानगी दिली आहे. अवेळी, शोकात असलेल्या घरी जाऊन करण्याचे हे काम अवघड आहे. ते सर्वांना जमत नाही, पण ज्यांना जमते त्यांची फार गरज आहे.

आता सोमवारचे. मूळ गुणपत्रिका कोणत्याही खासगी संस्थेकडे जमा करू नका. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवावी, समोर तपासून घ्यावी आणि लगेच परत घ्यावी. त्यांच्याकडे केवळ साक्षांकित छायाप्रत राहू द्यावी. मूळ प्रत अडकली की दुसरीकडे प्रवेश घेणे अशक्य होते आणि ती सोडवण्यासाठी पूर्ण फी मागितली जाते. तुम्ही काही रक्कम आगाऊ भरली असेल तर पावती शोधून ठेवा आणि प्रवेश घेणार नसल्याचे पत्र सोमवारच्या आत लेखी द्या. त्या पत्राच्या प्रतीवर पोहोच घ्या. हस्ते पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.